धाकट्याचं पुनर्वसन

३ मार्च
मंदीचं निमित्त करून कारखान्याने माझ्या धाकट्या भावाला छप्पन्नाव्या वर्षी घरी बसवलं. फोरमन होता! आता सूत्रं माझ्या हाती. माझा जन्म पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये गेला; माणूस कसा उभा करायचा हे मला कोणी शिकवू नये. त्याच्या सगळ्या अर्जांवर फोन नंबर माझाच दिलाय.

५ मार्च
हॉस्पिटलच्या लाँड्रीतून बोलावणं. चादरी धुवायला! कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत स्वच्छ नकार कळवला. भाऊ म्हणाला, "ताई, निदान मला विचारायचंस तरी." विचारत बसले असते तर हा हो म्हणाला असता.

११ मार्च
इंटरव्ह्यूचा सराव. मी साहेब, तो उमेदवार. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत बसला. पोक काढू नकोस म्हणून बजावलं. भावजय दारात, तोंड एवढंसं करून. हिलाच पॉझिटिव्ह थिंकिंग नाही, मग नवऱ्यात कुठून येणार?

१९ मार्च
हत्यारांची पेटी शेजारच्या मेकॅनिकला देऊन टाकली त्याने. उत्तम. जुनं मागे टाक, हे माझंच वाक्य.

२४ मार्च
हल्ली वाद घालत नाही. सगळ्याला "बरं, ताई." प्रगती आहे. बायकोला फ्यूज बदलायला शिकवतोय, बँकेचे कागद कुठे असतात ते दाखवतोय. उशिरा का होईना, घरात लक्ष घातलं. श्रेय मला कोण देणार म्हणा.

३० मार्च
सरावाला आला नाही. शेजारीण म्हणाली, रोज पहाटे अंधारात कालव्याच्या पुलावर दिसतो. मी म्हटलं, मॉर्निंग वॉक, माझाच सल्ला. ती नुसती बघत राहिली. मला ते आवडलं नाही.

१ एप्रिल, सकाळ
त्याचा फोन बंद. वेंधळा! चार्ज केला नसेल.

दुपार
अजून बंद. बँकेचे कागद का दाखवले असतील? घरातल्या स्लिपरवरच निघाले.

संध्याकाळ
भावजयीने दार उघडलं. तो कुठे आहे विचारलं, तर दोरीवरचे कपडे काढायला वळली. मी ओरडलेच, कालव्यावर कोणी गेलंय का बघायला? ती म्हणाली, "अहो ताई, कामावर गेलेत. पुलापलीकडच्या गोदामात माल उतरवतात. दिवसभर तिथेच, फोनसुद्धा आत नेऊ देत नाहीत." मला का नाही सांगितलं? ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

तेवढ्यात तो आला. शर्टभर धूळ. मला बघून उंबऱ्यातच थबकला. चेहरा पांढरा. "ताई, तिथे फोन नाही ना केलास?"

नाही म्हटलं.

मग चपला काढून आत आला.