दंड नव्हे, दांडा

शेवरबंदर,
२३ ऑगस्ट २०२४

ती. मामांस शिवकन्याचा सा. न. वि. वि., आणि मामीच्या पायांना इथूनच हात.

आधी महत्त्वाचं. माझा दंड मोडलेला नाही. दोन्ही हात जागेवर आहेत आणि हे पत्र मी उजव्याच हातानं लिहिते आहे. परवा फोनवर मी वाळूचा दांडा मोडला असं चार वेळा ओरडून सांगितलं. तुम्ही चारही वेळा दंड ऐकलंत आणि तसंच आईला जाऊन सांगितलंत. आई तीन दिवस रडते आहे. तलवाड्यातल्या ज्या बायकांशी मी जन्मात बोलले नाही त्यांचेही मला फोन आले. तेव्हा तुमच्याशी आता फोन बंद. यापुढे पत्र.

घडलं ते असं. आमची विंडसर्फिंगची शाळा खाडीच्या काठावर आहे. पाण्यावरच्या फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्यावर जायचं, हे आम्ही शिकवतो. मी आले होते इथे फोन उचलायच्या नोकरीला, पण तीन वर्षांत शिकवायलाही लागले, हे तुम्हाला माहीत आहे. आईला अजून मी फोनच उचलते असं वाटतं, ते तसंच राहू द्या.

तर खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये वाळूचा लांबलचक बांध होता. त्याला इथे दांडा म्हणतात. समुद्र पलीकडे आपटायचा आणि अलीकडे आमचं पाणी परातीत ठेवल्यासारखं निवांत. नवखा माणूस पडला तरी कमरेइतक्या पाण्यात पडायचा. नारळी पौर्णिमेला गावानं वाजतगाजत समुद्राला नारळ दिला आणि त्याच दिवशी उधाणानं दांड्याला मधोमध भगदाड पाडलं. साठ पावलं रुंद. आता समुद्र दिवसातून दोनदा तिथून आत घुसतो आणि दोनदा बाहेर धावतो.

कोळी खूश आहेत. त्यांना दांड्याला तासभर वळसा घालून समुद्रात जावं लागायचं, ते आता सरळ जातात. त्यांनी पेढे वाटले. शाळेच्या मालकीणबाई, वनमालाताई, हातात पेढा धरून बराच वेळ तशाच बसल्या होत्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एकाच फळीवर ही शाळा सुरू केली. ऑक्टोबरात हंगाम उघडतो आणि शिकवायला निवांत पाणीच उरलेलं नाही. तुम्ही आयुष्यभर कालव्यावर चौकीदारी केलीत. पाणी फुटलं की काय करायचं ते सांगा.

तुमचा माझ्यावर लोभ आहेच. थोडा कानांच्या डॉक्टरवरही असू द्या.

तुमची भाची,
शिवकन्या


तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड,
१ सप्टेंबर २०२४

चि. शिवकन्या हिला आश्रुबामामाचा आशीर्वाद. हिकडं समदे ठीक हायेत, कान बी ठीक हायेत.

तुजं पत्र मिळालं. दंड शाबूत हाय हे वाचून घरात लई आनंद झाला. मामी तेवढी नाराज हाय, कारन तिनं अळिवाचे लाडू करून पोस्टात टाकले ते आता परत मागवता येत न्हाईत. खाऊन घे. रुक्मिणीला बी पत्र वाचून दाखवलं, मधला फळीचा मजकूर गाळून. तुजी आई म्हनली, आता न्हाई मोडला तर पुढं मोडंल. तिचा सभाव तुला ठाऊक हाय.

आता कामाचं. भगदाड पडलं की पैलं वरचं गेट बंद करायचं. समुद्राचं गेट कुठं हाय आन चावी कुनाकडं हाय ते बघ. वनमालाबाईला रीतसर अर्ज द्यायला सांग. गेट नसंलच तर मग वाळूची पोती. खाली बाभळीच्या फांद्या, वर पोती, पोत्यावर मानसं. सतरा नंबरच्या चारीपाशी कालवा फुटलाता तवा पोती येईस्तोवर मी सोता भगदाडात आडवा झालतो, हे मी तुला सांगितलेलंच हाय. दीड तास. मानूस आडवा झाला की पानी लाजतं.

एक समजंना. भाईर गेलेलं पानी परत येतंय कावून? आमच्या कालव्यातलं पानी एकदा गेलं की गेलं. तिथल्या लोकांचं कायतरी चुकत असंल. नीट बघ आन कळव.

माया हायच, ती काय पत्रात मावत न्हाई.

तुजा मामा,
आश्रुबा


शेवरबंदर,
९ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस शिवकन्याचा सा. न. लाडू पोचले, संपलेही.

समुद्राला गेट नाही. मी चौकशी केली तेव्हा कोळी दोन दिवस मला बघून हसत होते. पण पोत्यांचा सल्ला वनमालाताईंना पटला. दोनशे पोती भरली, आम्ही आठ जणांनी सकाळभर रचली आणि दुपारच्या जेवणाआधी समुद्रानं ती उचलून नेली. शेजारच्या गावात एका घराला आता त्या पोत्यांच्या छान पायऱ्या झाल्या आहेत. त्यांनी निरोप पाठवला की अजून चार मिळाली तर ओटाही होईल.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. एक तारखेला पहिली तुकडी आली. त्यात पुण्याचे एक निवृत्त दंतवैद्य होते. छापील वेळापत्रकात ओहोटी संपलेली बघून मी त्यांना पाण्यात उतरवलं. पाणी थांबलेलं नव्हतंच. ते फळीसकट भगदाडाकडे ओढले गेले आणि बघता बघता बाहेर समुद्रात. मी माझ्या फळीवरून त्यांच्या मागे गेले. वारा पडला, शीड लोंबायला लागलं, आणि मीही त्यांच्याच वाटेनं वाहत निघाले. दंतवैद्य फळीवर मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडे बघून हात हलवत होते. हा शिकवण्याचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. शेवटी कोळ्यांच्या होडीनं दोघांना आणलं. जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की समुद्रदर्शनाचा पाठ सर्वोत्तम.

त्यानंतर आठ दिवस झाले, मी पाण्यात उतरलेले नाही. काठावरून शिट्टी वाजवते. कुणी विचारलं तर पायात काटा गेलाय म्हणते. पण घोट्याला पाणी लागलं की तो माणूस हसत हसत लांब जाताना दिसतो. वनमालाताई दिवाळीनंतर शाळा बंद करायचं म्हणतात. मला वाईट वाटायला हवं, पण खरं सांगते मामा, मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. तुम्ही भगदाडात आडवे झालात आणि तुमच्या भाचीला घोटाभर पाणी सोसत नाही.

आईला यातलं काही वाचून दाखवू नका. आशीर्वाद द्या, या वेळी जरा जास्त लागतील.

शिवकन्या


तलवाडा,
२० ऑक्टोबर २०२४

चि. शिवकन्याला छबुबाई मामीचा लई लई आशीर्वाद. अक्षराला हसू नको, चार वर्सांनी लिवतीय.

तुजं पत्र आलं, मामांनी ओसरीवर बसून वाचलं. पत्र कुनाला वाचून दाखवलं न्हाई, घडी करून खिशात ठिवलं. काल सकाळी पैठनला जातो म्हनून निगाले. पैठनला जायला कुनी पानी मोजायची आकड्याची काठी घेत न्हाई, हे मला कळतं. ते तुज्याकडंच येतेत. मी जास्तीच्या भाकरी बांधून दिल्या. पोचले की बीपीची गोळी दे, सकाळी एक. आन त्येंला खोल पान्यात जाऊ देऊ नको. कालव्यावर नोकरी केली म्हनून मानूस पवनारा असतोच असं न्हाई.

तुजी आठवन उचकीसारकी येती. सांभाळून ऱ्हा.

मामी


शेवरबंदर,
२९ ऑक्टोबर २०२४

गं. भा. मामीस, नाही नाही, ती. मामीस सा. न. (हात घाईत आहे, रागावू नको. मामा धडधाकट आहेत.)

तुझं पत्र मामा परत निघाल्यावर दोन दिवसांनी पोचलं, त्यामुळे गोळ्या त्यांनी स्वतःच्या मर्जीनं खाल्ल्या.

मामा एस.टी.तून काठी उभी धरूनच उतरले. कंडक्टर म्हणाला, कोल्हापूरपासून ही काठी कुणाच्या हातात देईनात. समुद्र पहिल्यांदा बघून माणसं हात जोडतात. मामांनी चपला काढल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि हे कुठल्याच पिकाला चालणार नाही असं सांगितलं.

मग भगदाडाच्या अलीकडे काठी रोवली आणि चार दिवस तिथंच बसले. दर अर्ध्या तासाला पाण्याचा आकडा वहीत. नारळाच्या करवंट्या पाण्यात सोडायच्या आणि कुठली कुठे जाते ते बघायचं. भरती रोज पाऊण तास उशिरा येते हे कळल्यावर ते फार संतापले. कालव्याच्या पाणीपाळीत अशी हयगय केली असती तर शेतकऱ्यांनी घरी येऊन विचारलं असतं, म्हणे. पहिल्या दिवशी कोळी हसले, दुसऱ्या दिवशी चहा आणून दिला, तिसऱ्या दिवशी होडी काढायच्या आधी मामांना विचारायला लागले.

कारण मामी, मामांना सापडलं. छापील वेळापत्रक बाहेरच्या समुद्राचं आहे. तिथली ओहोटी संपली तरी खाडीत साठलेलं पाणी पुढे तासभर भगदाडातून बाहेर धावतच असतं. आमचे दंतवैद्य त्याच तासात वाहून गेले. आणि आत आलेल्या वाळूचा उत्तरेला एक नवा उंचवटा झालाय, त्याच्या आडोशाला मामांच्या सगळ्या करवंट्या जागच्या जागी डुलत राहिल्या. नवख्यांना शिकवायला नेमकं तेवढंच पाणी हवं. वनमालाताईंनी मामांची वही दोनदा वाचली आणि शाळा बंद करायचा विषय निदान होळीपर्यंत काढणार नाही म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी मामांना आग्रहानं फळीवर उभं केलं. शीड छोटंच दिलं होतं, पण धोतरात शिडापेक्षा जास्त वारा भरला. सोबत फोटो आहे. तो कपाटात ठेव, दाराला लावू नको.

मी मात्र तेव्हाही काठावरच होते. मामांनी दोन-तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तुझ्या उचक्या माझ्यामुळेच असतील, तर पाणी पी आणि विसरू नको.

शिवकन्या


तलवाडा,
१० नोव्हेंबर २०२४

चि. शिवकन्याला मामाचा आशीर्वाद. हे पत्र एकटीच वाच.

फोटो तुज्या मामीनं दाराला लावला. ते जाऊ दे.

तिथं तुला एक सांगायचं होतं. चार दिवस तुज्या शेजारी बसलो, पन तोंड उघडंना. कागदावर लिवतो. कालवा फुटला तवा मी आडवा झालो न्हवतो. मी पळालो. भराव खचायचा आवाज आला आन मी पळत जाऊन बाभळीवर चढलो. काटे भरले, ते बी कळलं न्हाई. पोती टाकली ती दुसऱ्यांनी. चिखलात आडवा झाला तो माज्या जोडीचा चौकीदार बंकट. तो पुढं दोन वर्सांनी साप चावून गेला, आन त्येची गोष्ट सांगनारं कुनी उरलं न्हाई. मी सांगता सांगता कवा त्येच्या जागी आडवा झालो, मलाच समजलं न्हाई.

त्यानंतर सा म्हैने मी त्या जागेवरून जात न्हवतो, लांबून ढेकळातून फिरून जायचो. मग सायबानं तिथंच पानी मोजायची पट्टी वाचायचं काम दिलं. न्हाई म्हनता येईना. डोळे पान्याकडं न ठिवता आकड्याकडं ठिवायचो. आज दोन फूट, उद्या दोन फूट दोन इंच. आकडा लिवायचा म्हनलं की तिथं उभं ऱ्हावंच लागतं. भीती काय गेली न्हाई, पन तिच्याजवळ उभं ऱ्हायची सवय झाली. तू तिथं बघितलंस ना मी कसा दर अर्ध्या तासाला लिवतो? लोकांला वाटतं हा लई काटेकोर गडी. मी लई भितो, म्हनून लिवतो.

बंकटची बायको कौशल्याबाई नेकनूरला माहेरी असती. परवा जाऊन तिला समदं सांगून आलो. ती म्हनली, मला ठाऊक होतं, बंकट घरी येऊनच बोलला होता, मी फकस्त बघत होते तुमी कवा येता. चहा दिला. लई गोड होता.

वही तुज्याकडं ठिवलीय. कोरी पानं बरीच हायेत.

तुला भ्याली म्हनून कुनी हसलं तर माझ्याकडं पाठव. मी बाभळ दाखवतो.

मामा


शेवरबंदर,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस शिवकन्याचा सा. न.

तुमचं पत्र एकटीनंच वाचलं, तीन वेळा. नेकनूरला गेलात ते वाचून मला तुमचा जितका अभिमान वाटला तितका त्या दीड तासाच्या गोष्टीनं कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पाण्यात उभी राहिले. घोटाभर. लिहिलं. गुडघाभर. लिहिलं. अक्षर वाचण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी फळी घेतली आणि उंचवट्याच्या आडोशाला गेले. त्या पाण्याला कोळी आता बीडवाल्याचं पाणी म्हणतात. नवखी माणसं तिथे शिकतात, पण भरतीच्या आगेमागेचे तीनच तास. दिवसभर कधीही पाण्यात उतरायचे दिवस संपले. वनमालाताईंना त्याची हळहळ वाटते, मलाही. उलट भगदाडात आता वारा आणि लाटा दोन्ही मिळतात म्हणून गोव्याहून तयारीची माणसं येतात आणि आम्हालाच दोन गोष्टी शिकवायला बघतात.

काल भरती लागल्यावर मी निघाले. मुद्दाम भरतीलाच, म्हणजे पडले तर पाणी आतच आणून टाकील. भगदाडापाशी दोनदा पडले, दोनदा आत आले. तिसऱ्यांदा शीड भरलं, फळी थडथडली आणि मी बाहेर होते. समोर कुठेच काठ नव्हता. भीती वाटत होती. भीती वाटत असतानाच वळले आणि परत आले.

काठावर येऊन, ओल्या कपड्यांनीच, आईला फोन लावला. म्हटलं हिलाही आता खरं सांगावं. मी फोन उचलत नाही, शिकवते, फळीवर उभी राहते, आज समुद्रात गेले होते, सगळं एका दमात सांगितलं. मग म्हटलं, आणि परत आले.

आई म्हणाली, "परत आलीस ते आदी सांगायचं असतं."

लोभ असू द्या म्हणायची आता गरज उरली नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
शिवकन्या