लेकीची पिंपं

एर्सिलियाताई,

काल परगावची एक बाई आपल्या कास्तेल्वेत्रोचे बुरूज आणि द्राक्षमळ्यांनी लालभडक झालेले डोंगर बघून आमच्या माळ्यावर आली. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या लग्नात द्यायला म्हणून बाबांनी मुरत ठेवलेली व्हिनेगरची पिंपं तिने हुंगली.

"असं गाव सोडून कोण जाईल हो?"

"आमची ताई गेली. डोकं फिरलं होतं तिचं!"

तू पळून लग्न केलंस तेव्हा बाबांनी पिंपं फोडली, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. दर हिवाळ्यात बाबा आटलेली पिंपं पुन्हा भरत राहिले. शेवटी त्यांना जिना चढवेना, तेव्हा मी म्हणालो, "मी भरतो."

"लेकीची आहेत. तू फक्त मला पाठीवर घेऊन चढ."

आधीच्या न धाडलेल्या पत्रांसारखं हेही पत्र पिंपांमागेच ठेवतोय.

तुझा भित्रा भाऊ,
नेव्हियो