सणसरला पाहुण्या गेलेल्या सहा गाई

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांच्या पायाशी, काटेवाडीहून भाचा विजयसिंह याचा वाकून नमस्कार.

हितं सगळी खुशाल हायेत. तुमची शुगर, मामींचा गुडघा अन् माझ्या सहा गाई ठीक असतील अशी आशा करतो. (फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. पण तुमी स्पीकर लावून अंगणात बसता अन् निम्मं सणसर ऐकतं. मामी तर सगळ्यांच्या पुढं. तवा हे पत्र तुमीच वाचा, तेबी मनातल्या मनात.)

परवा बारामतीच्या कोर्टात छकुलीच्या पोटगीची तारीख होती. माधवी तिला घेऊन सणसरला माहेरी गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं. भांडण कशावरनं झालं ते तुमाला माहीत हाय, ते उगाळत बसत न्हाय. (चूक तिची होती. थोडी माझी.) लेकरासाठी महिन्याला किती द्यायचं, ते कोर्ट ठरवणार. अन् मामा, सांगायला हरकत न्हाय, या विषयात आता माझा हात धरणारा तालुक्यात कुणी न्हाय. बापाची कमाई बघतात, आईची बघतात, लेकराला काय काय लागतं ते बघतात. शिवाय आई-बाप एकत्र असते तर लेकरू जसं राहिलं असतं, तसंच ते राहिलं पाहिजे, असं धरून चालतात. त्यासाठी दोघांनी आपापली कमाई अन् मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. आमच्या वकिलानं सांगितलं, हाय ते सगळं लिहा. मी मनात म्हणलं, एवढ्या सरळ माणसानं वकिली कशाला केली?

म्हणून मी डोकं चालवलं. ऊस आबांच्या नावावर, म्हणजे माझा न्हाय. ट्रॅक्टर माझा, पण त्याचा हप्ता जातो, म्हणजे तो उलट खर्चात. राहिल्या आठ गाई. दोन गोठ्यात ठेवल्या अन् सहा टेम्पोत घालून तुमच्याकडं पाठवल्या. दूध तुमच्या नावानं डेअरीला. कागदावर माझ्यासारखा गरीब माणूस उभ्या बारामतीत शोधून सापडला नसता. वाचताना माझं मलाच वाईट वाटलं.

आता तुमी म्हणाल, सासुरवाडीच्या गावातच गाई लपवणारा तूच पहिला. अवो, पण दुसरं भरवशाचं माणूस हाय कोण मला? तुमच्या गोठ्यावरनंच शाळेचा रस्ता जातो, एवढं तेवढं ध्यानात आलं न्हाय.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा ट्रॅक्टर काढला. म्हणाल्या, लेकरू आधी, हप्ता मागनं. मग विचारलं, ऊस आबांचा, पण कसतं कोण? मी तरीबी ताठ उभा होतो. मग माधवीच्या वकिलानं एक वहीचं पान पुढं केलं. पेन्सिलीनं सहा नावं लिहिलेली. चंद्री, गंगी, मोरी, राणी, तांबडी अन् धाकटी राणी. प्रत्येकीच्या पुढं कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, अन् ते सहाच्या सहा नंबर सरकारी नोंदीत माझ्या नावावर. अक्षर छकुलीचं. शाळेतनं येताना तिनं हाक मारली असणार अन् चंद्री हंबरली असणार. त्या गाईला अक्कल न्हाय मामा, पण माया हाय.

बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरनं बघितलं अन् खोट्या प्रतिज्ञापत्राचं काय होतं ते सांगितलं. मी कबूल झालो. (घाबरलो न्हाय. पाणी मागितलं ते उन्हानं.) त्यानंतर माधवीनं दिलेली छकुलीच्या खर्चाची यादी वाचली. शाळेची रिक्षा, वह्या, दोन ड्रेस, डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून नवा चष्मा. त्याच्या खाली, दूध रोज अर्धा लिटर, पिशवीचं.

मामा, पिशवीचं! मी रोज शंभर लिटर दूध घालतो अन् माझी पोरगी पिशवी कापून दूध पिते. माधवी दिवसभर शिवणाचं मशीन मारून ते आणते. तिची कमाई बाईंनी धरली, माझी धरली, त्या मानानं दोघांचा वाटा काढला. माझ्या वाट्याला महिना नऊ हजार आलं. वकील माझ्या कानात म्हणाला, कमी करून मागू. मी म्हणलं, गप बसा. तिथंच नवीन प्रतिज्ञापत्र देतो म्हणून सांगितलं, आठच्या आठ गाई घालून. तेव्हा मी हरलो असं कुणी गावात बोललं तर सांगा, विजयसिंहानं आपणहून दिलं.

तुमचा हुशार भाचा,
विजयसिंह

ता. क. शनिवारी टेम्पो पाठवतो. पाच गाई द्या, चंद्री तिथंच राहू द्या. तिचं दूध सकाळ-संध्याकाळ माधवीकडं पोचवा. हे नऊ हजारातनं कापायचं न्हाय. मी विचारून बघितलं होतं, बाई न्हाय म्हणाल्या.

आणखी एक. चंद्री कानाला कुणाला हात लावू देत न्हाय. आठ वर्षाच्या पोरीनं तिचा बिल्ला वाचला, म्हणजे मान कुणीतरी दाबून धरली होती. गुडघा दुखत असताना. कोण ते मला कळलंय. रागावलो न्हाय म्हणावं.

अन् खरं काम हे, म्हणून एवढं लिहिलं. छकुलीला बघून आठ महिने झाले. चष्म्याचा नंबर वाढला तेसुद्धा मला कोर्टात कळलं. दर रविवारी चंद्रीची धार काढायला मी येऊ का, असं माधवीला विचारायचंय. मला जमणार न्हाय. तुमीबी विचारू नका. ज्यांनी चंद्रीची मान धरली, त्यांनाच विचारायला सांगा. माधवी त्यांचंच ऐकंल.