लाल गिटारीचं रूट कॅनाल

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा नमस्कार, आणि तुम्ही दिलेल्या लाल गिटारीचाही (तिला कमरेत वाकता येत नाही, म्हणून तिच्या वाटणीचं मीच वाकतो आहे). तुमचे गुडघे, तुमची झोप, मामींची तब्येत आणि मामींचा तुमच्यावरचा राग, सगळं ठणठणीत असेल अशी आशा करतो. कानाचं यंत्र आता अंगवळणी पडलं असेल. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. आईला तेवढा कुकरचा अजून भरवसा नाही. मागे तुम्ही जेवायला आलात तेव्हा गप्पांच्या ऐन रंगात तो कसा बारीक आवाजात केकाटत होता! आई बिचारी खजील झाली, पण तुम्ही ‘कुठला आवाज? मला तर काही नाही ऐकू आला’ म्हणून तिला सांभाळून घेतलंत. असं मोठं मन आमच्या पिढीत कुठून येणार? आईने तरीही दुसऱ्या दिवशी रिंग बदलली.

तर मामा, मुख्य बातमी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याच्याने दम धरवत नाही. आपण जिंकलो! वाचनालयाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला, भरल्या सभागृहात, तुमची गिटार वाजली, आणि नुसती वाजली नाही, बोलली. तुम्ही ती आणलीत तेव्हा घरात जे जे म्हणाले होते की ही खेळण्यांच्या दुकानातून आणली का, त्या सगळ्यांनी (यात तुमच्या सूनबाई, म्हणजे माझी बायकोही आली, पण माझं नाव सांगू नका) टाळ्या वाजवल्या.

आता पहिल्यापासून सांगतो. आमचा बँड तुम्हाला माहीत नाही. गायक नाना, म्हणजे माझ्या दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मानेपर्यंत रुळणारे पांढरे केस आणि या वयातही ऐकत राहावा असा आवाज. ड्रमवर बँकेतल्या कॅशियरबाई, ज्या नोटा मोजतात त्याच शिस्तीने ताल मोजतात आणि चूक सापडली की त्याच नजरेने बघतात. बेस गिटारवर शिंपीदादा. तालीम सुट्टीच्या दिवशी दुपारी शिंपीदादांच्या कारखान्यात, अर्धवट शिवलेल्या कोटांच्या रांगेखाली. आणि गिटारीवर मी, दिवसा दात काढणारा. आमच्या मुख्य गाण्याची सुरुवात माझ्या एकट्याच्या स्वरांनी होते. मी छेडतो, नाना डोळे मिटून, एक हात कानावर धरून स्वर पकडतात, आणि मग सगळे सुरू. पण गेले कित्येक आठवडे व्हायचं काय, की मी पहिला स्वर छेडला रे छेडला, की कुठूनतरी ‘कुंईंईं’ अशी बारीक, दात आंबवणारी शिट्टी. गाणं थांबायचं. कॅशियरबाई काठ्या मांडीवर ठेवायच्या आणि माझ्या गिटारीकडे बघायच्या. शिंपीदादा तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, ‘स्वस्तातला माल, डॉक्टर.’ माझ्या बाजूने एकटे नाना. ‘अरे कसली शिट्टी? उगाच त्याच्या मागे लागलाय सगळे! छान वाजवतो तो.’ त्यांचा हा चांगुलपणा बघून मला भरून यायचं.

पण चांगुलपणाने शिट्टी थांबत नाही. शेवटी कॅशियरबाईंनी निकाल दिला: कार्यक्रमाच्या दिवशी शिट्टी आली तर पुढच्या तालमीपासून माझ्या जागी त्यांच्या दिरांचा कीबोर्ड. मामा, मला वाईट वाटलं. दिवसभर माणसं माझ्यासमोर आ करून बसतात, पण माझ्याशी बोलत कोणी नाही, बोलणार तरी कशी! त्या कोटांखालची ती दुपार हीच माझी आठवड्यातली चार माणसांतली जागा होती. ती काही मी कीबोर्डला देणार नव्हतो.

रोगनिदान सोपं होतं. गिटारीच्या तारांखाली जे पिकअप असतात (चुंबक आणि वर गुंडाळलेली तार, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला मी काय शिकवणार), ते स्वस्त गिटारीत इतके ढिले असतात की तारांऐवजी जगातलं सगळंच ऐकतात. त्यांच्याजवळ तोंड नेऊन बोललं तरी ॲम्पच्या खोक्यातून बोलणं मोठ्याने बाहेर पडतं. हे मला कसं कळलं ते ऐका. दवाखान्यात पेशंट नव्हते असं समजून मी गिटारीला खुर्चीवर आडवं केलं, वरचा दिवा लावला, सिस्टरने सवयीने तिच्या मानेखाली कागदी रुमाल बांधला. ॲम्प आत मावत नव्हता म्हणून बाहेर प्रतीक्षेच्या खोलीत ठेवला होता. मी झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि सिस्टरला म्हणालो, ‘हिचं काही वाचत नाही. सगळं उपटू आणि नवीन बसवू.’ बाहेर त्याच वेळी वाचनालयाच्या अध्यक्षबाई दाढ धरून नुकत्याच येऊन बसल्या होत्या. ॲम्पने माझं निदान त्यांच्या कानाशी खणखणीत ऐकवलं. आम्ही दार उघडेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या, छत्री मात्र तिथेच.

मी मागे हटलो नाही. नवे, मेणात बुडवून घट्ट केलेले पिकअप आणले. सोल्डरिंग तुम्हीच शिकवलेलं. डाग छान चकचकीत बसले. एका पिकअपच्या दोन तारा मात्र मी उलट्या जोडल्या, त्यामुळे एकेकटे नीट वाजायचे आणि दोन्ही एकत्र लावले की आवाज असा पातळ आणि बोबडा, जसा बधिर केलेल्या ओठातून माणूस बोलतो. तुम्ही शेजारी असतात तर टपली मारली असतीत. तारा फिरवल्या, आवाज भरला. तालमीला नेली. पहिला स्वर, नानांचा हात कानावर, आणि ‘कुंईंईं’.

मग मी इरेला पेटलो. आतली पोकळी तांब्याच्या पट्टीने मढवली. ब्रिज, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तो लोखंडी तुकडा, बदलला. वरच्या खुंट्या बदलायला गेलो तर नव्या खुंट्या जाड आणि जुनी भोकं बारीक. दुसरा कोणी सुतार शोधत फिरला असता. मी दाताचं ड्रिल हळू वेगावर लावलं, सिस्टरने भुसा सक्शनने ओढला, आणि मी, शपथेवर सांगतो, सवयीने गिटारीला म्हणालो, ‘दुखलं तर डावा हात वर करा.’ सिस्टर तेव्हापासून माझ्याकडे काळजीने बघते. गळ्याशी तारांच्या खाचांची जी पट्टी असते ती प्लॅस्टिकची काढून हाडाची बसवली आणि खाचा रूट कॅनालच्या कानशींनी घासल्या. मामा, असं काम कुठल्या कारखान्यात होत नसेल! तारा लोण्यासारख्या सरकायला लागल्या, सूर लावला की तिथेच राहायला लागला. तालमीला नेली. ‘कुंईंईं.’ नाना म्हणाले, ‘वा! आता कशी गोड वाजते!’ कॅशियरबाईंनी दिरांना फोन लावला.

अशा अवस्थेत मी व्यासपीठावर चढलो. पहिल्या रांगेत अध्यक्षबाई, गालावर हात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत दीर, कीबोर्ड मांडीवर घेऊन, स्टँडबाय. त्यात आयोजकांची नेहमीची तऱ्हा: माईकचा स्टँडच सापडेना. नानांनी एका हातात माईक धरला, दुसऱ्या हातात गाण्याचा कागद, आणि मला मानेने खूण केली. मी पहिला स्वर छेडला.

काही नाही. मामा, शांतता! म्हणजे शांतता आणि तिच्या मधोमध तो एक स्वर, गोल, भरलेला, संपता संपेना. मग दुसरा. सभागृहातली कुजबुज थांबली. नानांनी सूर घेतला (थोडा चाचपडत, पण घेतला), शिंपीदादा मागून आले, आणि कॅशियरबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझ्या लग्नाला मुलीकडच्यांनी होकार दिला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नका, ते तुमच्या सूनबाईंपर्यंत पोचेल). शेवटी लोकांनी गाणं पुन्हा म्हणायला लावलं. दीर कीबोर्ड पिशवीत घालून निघून गेले. आणि अध्यक्षबाई जवळ आल्या, गिटारीकडे बघत म्हणाल्या, ‘जिचं सगळं उपटायचं म्हणत होतात, ती हीच का?’ मी हो म्हटलं. त्या खुदकन हसल्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन दाढ दाखवून गेल्या. छत्रीही नेली.

तेव्हा मामा, तुमची निवड खरी ठरली. लाकूड तुमचं, बाकी सगळं माझं, आणि मान दोघांचा. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमचा विजयी भाचा.

ता. क. पत्र पाकिटात घालून टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज तालीम होती. मी लवकर पोचलो. माझी गिटार अजून पिशवीत, ॲम्पची वायर माझ्या हातात. नाना कोपऱ्यात एकटेच बसून, डोळे मिटून, कानावर हात धरून गुणगुणत होते. ‘कुंईंईं.’ हात खाली घेतला, बंद. पुन्हा कानावर, ‘कुंईंईं.’ त्या पांढऱ्या केसांखाली कानामागे चिमुकलं यंत्र आहे, मामा. सैल झालंय, हाताने झाकलं की ओरडतं, आणि ओरडतं ते नेमकं त्यांनाच ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. कानाने दगा दिला आणि हे कळलं तर गाणं सुटेल, ही भीती असणार. मागून कॅशियरबाई आल्या, शिट्टी ऐकली आणि माझ्याकडे बघितलं. मी वायर पिशवीत सरकवली आणि म्हणालो, ‘माझाच दोष. एक पिकअप अजून नाठाळ आहे.’ दिरांना पुन्हा फोन गेला आहे. माझ्या बाजूने कोण बोललं असेल ते सांगायला नको.

ता. क. २. म्हणून मामा, एक विनंती. हे नानांना मी सांगितलं तर त्यांना लागेल. ज्याच्या स्वतःच्या कानात यंत्र आहे, त्याने सांगितलं तर लागणार नाही. पुढच्या तालमीला याल का? सहज आल्यासारखे या, नानांजवळ बसा, आणि गप्पांत म्हणा की माझं यंत्र शिट्टी मारत होतं, कोणी बोललं नाही, मग कानात घट्ट बसेल असा नवा साचा करून घेतला आणि बंद झालं. नानांना बरोबर घेऊन जा. साच्याचं माप कसं घ्यायचं ते मी कानाच्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो, तोंडातलं असो की कानातलं, माप ते मापच.

ता. क. ३. यात तुम्हाला खोटं काहीच बोलावं लागणार नाही. मामा, आईचा कुकर अगदी चांगला आहे. पहिल्यापासून चांगलाच होता. साचा आधी तुमचा करू.