माळवदाच्या फळ्या

अण्णा, ज्या लाकडाला तुम्ही कधी कुणाला हात लावू दिला नाही, ते मी वापरलं. विचारायला तुम्ही नव्हता, आणि असता तरी मी विचारलं नसतं. लातुरात आम्ही निजामाच्या काळातलं दगडी घर घेतलंय. त्याच्या माडीवरची फळ्यांची जमीन कुजली होती. गुत्तेदार नमुने घेऊन आला, सगळे चकचकीत, वरून लाकडाचं नुसतं चित्र चिकटवलेले. "हेच घ्या ताई, दोन दिसांत अंथरून देतो." मी बोटाच्या पेरानं ठोकलं, तर पुठ्ठ्यासारखा आवाज आला. लाकूड असं ऐकून घ्यायचं, हे तुमचंच शिकवणं. मी म्हटलं, किल्लारीकडं आमच्या गावी चला, लाकूड माझ्याकडे आहे.

तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ते तसंच पडलेलं. आपल्या जुन्या घराच्या छताचं, माळवदाचं सागवान, तुम्ही स्वतः घातलेलं. भूकंपात आई त्या घरात गेली, आणि ते लाकूड तुम्ही विकलंही नाही, जाळलंही नाही. पुढे तुम्ही पाळणे केले, पाट केले, पण कुणाच्या डोक्यावर येईल असं काही केलं नाही. मी पंधरा वर्षांची असताना टेबलासाठी त्यातली एक फळी ओढली, तर पहिल्यांदाच तुम्ही माझ्यावर हात उगारलात. "ठिव खाली! ह्या लाकडानं माणूस खाल्लंय. घरात न्यायचं न्हाई." मी ठेवली. तेव्हा ठेवली.

गुत्तेदारही तेच बोलला. "पडल्या घराचं लाकूड हाय ताई, लोक नावं ठिवतील." ठेवू द्या, म्हटलं, लोकांना तेवढंच काम. एकेक तुळई, एकेक फळी उन्हात काढून उलटीपालटी केली. अण्णा, एकही मोडलेली नाही. एकही सांधा निखळलेला नाही, तुम्ही नंतर करवतीनं सोडवलेत तेवढेच. गुत्तेदार उकिडवा बसून सांध्यांवरून हात फिरवत राहिला. "हे पडलंच न्हाई ताई. कललं आसंल. दगडाची भिंत आली आसंल अंगावर."

म्हणजे आई लाकडानं नाही, भिंतीनं गेली, हे तुम्हाला माहीत होतं. शाबूत माळवद तुम्हीच उतरवलंत, आणि जन्मभर गुन्हेगारासारखे मान खाली घालून जगलात. मला तुमचा राग येतो, अजून येतो. डोक्यावर नको होतं ना? मी पायाखाली घातलं. रंधा मारला, तेल पाजलं, आणि आता सकाळी त्यावर अनवाणी फिरते. माझ्या घरात ते लाकूड कुणी अपशकुनी म्हणायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून एका फळीच्या फटीत सरकवते. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी ढिगाऱ्यापाशी, सात वर्षांची मी, सगळ्या गावासमोर ओरडले होते, "अण्णा, तुमच्या माळवदानं आई मारली." तुम्ही एकदाही "नाही" म्हणाला नाहीत.