एक की नऊ

१९ मार्च

प्रिय ताई,
नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढता येतो ना?

इथे सगळं ठीक. मोठ्या मशीनचा पट्टा बदलला, आता ती कुरकुरत नाही. इस्त्रीवाली रोज विचारते, "ताई खरंच येणार नाहीत?" मी म्हणते, "आराम करू दे की त्यांना."

आराम! माझं मलाच ऐकवत नाही.

सभागृहाचे पडदे तुम्ही विसरला नसालच. चौदाच्या चौदा जमिनीपासून आठ इंच वर. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "पूर आलाय का हो? पडद्यांनी ओचे खोचलेत!" सगळे हसले, आणि मी सगळ्यांदेखत तुमच्यावर खेकसले, "इतकी वर्षं कापताय, नव्व्याण्णव वाचता येत नाही?" तुम्ही एवढंच म्हणालात, "मला एक्याण्णव दिसलं, बाई."

एक्याण्णवच दिसत होतं. मापाची चिठ्ठी त्याच दुपारी मला कापडाखाली सापडली. अक्षर माझं. दुसरा नऊ घाईत असा ओढलेला, की कुणीही एकच वाचला असता. चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली आणि चहा मागवला.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक आकडा विचारू लागलात. "बाई, हा एक की नऊ?" तीनतीनदा मोजायचात. दिवसाला दहा पडदे कापणारा हात पाचावर आला. मशीनवरच्या पोरी मागून "एक की नऊ, एक की नऊ" करत खिदळायच्या, आणि मी कानाडोळा केला. वर तुम्हालाच म्हटलं, "वय झालं हो ताई." वय कसलं! तुमची कात्री मी अडखळवली.

अजून एक राहिलंय. तुम्ही काम सोडून गेल्यावर चौकातल्या सोफेवाल्यांचा फोन आला होता, तुम्ही त्यांच्याकडे काम मागितलं होतंत म्हणून. "त्या ताई कामाला कशा आहेत?" मी म्हटलं, "हात मंदावलाय." म्हणून त्यांनी तुम्हाला काही कळवलं नाही.

आज सकाळी चिठ्ठी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. इस्त्रीवाली म्हणाली, "हे तेव्हाच बोलला असतात तर?" मग सोफेवाल्यांना फोन करून खरं ते सांगितलं. त्यांनी गेल्याच आठवड्यात दुसरा माणूस ठेवलाय.

परत या म्हणायला मला तोंड नाही. पण आलात, तर मापं तुम्हीच लिहायची. मी वाचीन, अडलं तर विचारीन.

जिला तुम्ही कात्री धरायला शिकवलंत,
ती