खालचा अर्धा

सुरत,
२० नोव्हेंबर १९९४

ती. सौ. छायाताईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. भाजणी पोचली आणि संपलीसुद्धा. आईचे गुडघे कसे आहेत? इथे आता सगळं ठीक. प्लेगला घाबरून पळालेले शेजारी परतले, बँकेत पुन्हा रांगा लागतात.

तू सुचवलेल्या नाशिकच्या इंजिनियरांच्या स्थळाबद्दल पुढे लिहिते. आधी तिकिटांचं. हसू नकोस.

माझी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली तारेची तिकिटं तुला माहीत आहेतच. लांबट तिकिटावर राणीची दोन डोकी. तार केली की ते मधोमध कापायचे. वरचा अर्धा पावतीवर गिऱ्हाइकाला, खालचा फॉर्मवर कचेरीत. कचेऱ्यांनी फॉर्म पुढे जाळून टाकले, म्हणून खालचा अर्धा मिळणं मुश्कील. माझ्याकडचा एक वरचा कराचीच्या शिक्क्याचा आहे, कारकुनाने अगदी वाकडा कापलेला. फेब्रुवारीत संग्राहकांच्या बैठकीत जरीवाल्या धनसुखभाईंनी आपला खालचा अर्धा दाखवला. तोच शिक्का, तीच तारीख, कापही तसाच वाकडा! मी विकत मागितला.

"अलकाबेन, मरी जाउं तोय नहीं आपुं." मेलो तरी देणार नाही! उलट माझाच मागू लागले. पावसाळा संपेपर्यंत आम्ही भांडलो. बैठकीत लोक आम्हाला दोन टोकांना बसवायचे.

मग प्लेग आला. सगळं गाव स्टेशनवर. बँकेने आम्हा चौघांना थांबवून घेतलं. अशात एक दिवस धनसुखभाई दारात, तोंडाला रुमाल. मुलीला आणि जावयाला गाडीत बसवून थेट आले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची.

"मला काही झालं तर जावई हे रद्दीत घालेल," म्हणत त्यांनी पाकीट पुढे केलं. मी आतलं तिकीट चिमट्याने काढून घेतलं. त्यांचा चेहरा पडला.

"अहो, प्लेगमुळे नाही! तिकीट कधी हाताने धरतात का?"

ताई, ते उंबऱ्यावर बसून हसतच सुटले. मग त्याच रुमालाने डोळे पुसले.

आम्ही दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले आणि कितीतरी वेळ नुसते बघत बसलो. मी खिचडी टाकली. रिकाम्या गावात ते रोज चहाला येऊ लागले. गाव भरलं तरी येतात. दिवाळीत त्यांनी 'अलकाबेन'मधलं 'बेन' गाळलं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"जे म्हणायचं होतं तेच."

तेव्हा इंजिनियरांना नकार कळव. सज्जन असतील बिचारे. मी सत्तेचाळीस वर्षांची, हे त्रेपन्न वर्षांचे, त्यात गुजराती, आणि डाळीतसुद्धा गूळ घालतात. आई काय म्हणेल ते मला पाठ आहे, म्हणूनच तिला तू सांग. माझी छाती होत नाही. फक्त मी तिकिटासाठी लग्न करतेय असं सांगू नकोस. तिकीट मला केव्हाच मिळालंय. तरी संध्याकाळी दारावर थाप पडली की मी पदर सारखा करते.

नोंदणी पाच जानेवारीला आहे. माझ्या बाजूने सही करायला बँकेतला पंडित शिपाई तयार आहे. माणूस चांगला आहे, पण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मला रडता यायचं नाही.

वाट पाहणारी,
अलका